मार्लिन ३३६ तीस-तीस: तीन वर्षं पिकअपमध्ये वागवल्यावर
रँचवर बंदूक म्हटलं की लोकांना शिकारच आठवते, पण खरं सांगतो, इथे टेक्सासमध्ये गुरं सांभाळताना रायफल नुसती गाडीत पडून असते, तारेची बंडलं आणि पकडीशेजारी, आणि महिन्यातून एखाद्या वेळेस काढावी लागते, पण त्या वेळी ती चाललीच पाहिजे. म्हणून मी आधी बघतो ती वागवायला किती सोपी. त्यात मार्लिन ३३६ ला तोड नाही, ही लिव्हरवाली रायफल, म्हणजे घोड्याखालची दांडी (लिव्हर) खाली-वर मारली की पुढचं काडतूस नळीत चढतं.

माझी सेकंड हँड आहे. मॉडेल १९४८ पासूनचं, ती ज्या काडतुसावर चालते ते तीस-तीस (.३०-३०) तर १८९५ चं. अंगाने चपटी, बाजूला बोल्टचं (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याचं) हँडल नाही, खाली मॅगझिन लोंबत नाही, नळी २० इंची, वजन सव्वातीन किलोच्या आसपास, सीटमागून ओढली की कशात अडकत नाही सरळ हातात येते. नळीखालच्या ट्यूबमध्ये ६ काडतुसं बसतात. रिकामी पुंगळी बाजूने पडते त्यामुळे वर स्कोप बसवता येतो, जुन्या विंचेस्टर ९४ ची पुंगळी वरून उडते, तिथे स्कोपची मारामारच.

स्कोपवरून आठवलं, पहिला मी स्वस्तातला घेतला होता, कंपनीचं नाव नको, खडबडीत रस्त्यावर धक्के खाऊन त्याचं झिरो (नेम जुळवून ठेवलेली सेटिंग) हललं आणि ६० यार्डावरच्या रानडुकराला धरलेला नेम त्याच्या पायाशी मातीत गेला. काढून टाकला. आता पीप साइट (बारीक भोकातून बघून नेम धरायची) आहे, १०० यार्डांच्या आत तेवढं पुरतं. १५०-२०० च्या पुढे गोळी लवकर खाली येते, कोयोटी (इथले रानकुत्र्यासारखे) लांबून मारायचे असतील तर बोल्टवाली दोनशे तेवीस (.२२३ काडतुसाची) घ्या, हट्ट करू नका.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, यात साधी टोकदार गोळी भरायची नाही. ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) टेकतं, धक्का बसला तर आतच उडू शकतं. चपट्या टोकाची घ्या, नाहीतर हॉर्नडी कंपनीची मऊ टोकवाली.

साप, स्कंकसारख्या लहान जनावरांसाठी रुगर १०/२२ (बावीसच्या छोट्या काडतुसाची रायफल) पण असते सोबत, मस्त चीज आहे, पण मोठ्या जनावरावर नको. मागच्या हिवाळ्यात एक गाय कॅटलगार्डमध्ये (गुरं बाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात टाकलेल्या गजांच्या जाळीत) पाय मोडून पडली होती, व्हेट फोनवर म्हणाला वाचायची नाही. कोवळ्या वासराला बावीस चालते, मोठ्या गाईच्या कवटीला तिचा भरवसा नाही, हाल होतात. मी तीस-तीस काढली. प्रत्येक डोळ्यापासून पलीकडच्या शिंगाच्या बुडापर्यंत रेघ धरायची, फुली पडते तिथे. एका गोळीत तिने मान टाकली. त्या रात्रीपासून ही रायफल मी विकणार नाही हे पक्कं झालं.

लिव्हरवाल्या रायफलींची एक खोड सांगतो, रिकामी करताना एकेक काडतूस लिव्हर मारून काढावं लागतं, आणि थंडीत बधिर अंगठ्याने घोडा उतरवताना तो सटकू शकतो. म्हणून मी ट्यूब भरलेली आणि चेंबर (नळीच्या मागची, गोळी उडायची जागा) रिकामं ठेवतो. वेळेला लिव्हर एकदा मारायला लागतो तेवढा सेकंद मला आजवर कमी पडलेला नाही.