अमेरिकी छापचित्रं फुकट उतरवताना: तीन संकेतस्थळांची झाडाझडती

छापचित्र पडद्यावर बघायचं तर आधी त्याच्या कडा बघाव्यात. छपाईच्या धातूच्या पत्र्याचा, म्हणजे प्लेटचा, दाब कागदात कुठे उमटलाय, खाली पेन्सिलीने काय लिहिलंय, कागद चारी बाजूंनी किती मोकळा सोडलाय, हे दिसलं तर चित्र कसं छापलं याचा अंदाज येतो. हे सगळं छाटून मधला भाग तेवढा दिला, तर तो कॅलेंडर छापणाऱ्याच्या कामाचा. या कसोटीवर वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो यांच्या मोफत सेवा लावून बघितल्या, तर दिसायला सगळ्यात ओबडधोबड असलेली लायब्ररी पहिली येते.

लायब्ररीच्या प्रिंट्स अँड फोटोग्राफ्स विभागाचा कॅटलॉग जुन्या वळणाचा आहे. शोधाचे निकाल टपालाच्या तिकिटाएवढ्या चित्रांत येतात आणि नीट क्रमवारी लावता येत नाही. पण फाइल कागदाच्या पूर्ण पानाची मिळते, पुष्कळदा बाजूला रंगपट्टीसुद्धा असते. प्रत्येक चित्राला छोटी जेपेग, मोठी जेपेग आणि टिफ (पूर्ण तपशिलाची मोठी फाइल) असे पर्याय असतात. ‘मोठी’ या शब्दाला भुलू नका. तिची लांब बाजू साधारण १०२४ पिक्सेलची असते आणि तेवढ्यात एचिंगच्या, म्हणजे आम्लाने कोरलेल्या प्लेटवरून छापलेल्या चित्राच्या, रेषा एकमेकींत मिसळून राखाडी डाग होतात. टिफच घ्यावी. ती कधी शंभर एमबीच्याही वर जाते, म्हणून मोबाइल डेटावर हा उद्योग नको.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘रिप्रॉडक्शन नंबर’ न वाचल्याने. नंबर ‘एलसी-यूएसझेड६२’ने सुरू होत असेल तर ती मूळ छापचित्राची स्कॅन नव्हे. कधीकाळी कृष्णधवल फिल्मवर काढलेल्या फोटोची ती स्कॅन आहे. कागदाचा रंग गेलेला, गडद भागातले बारकावे बुजलेले. ‘यूएसझेडसी४’ म्हणजे रंगीत फिल्म. बरी, पण तिचा रंग भरवशाचा नाही. ‘डीआयजी-पीपीएमएससीए’ असेल तर थेट मूळ कागदावरून केलेली डिजिटल प्रत. एकाच चित्राच्या नोंदीत कधी दोन-तीन नंबर असतात आणि पानावर वर दिसणारी प्रत जुन्या फिल्मची निघू शकते. ‘पीजीए’ दिसलं की समजावं, ही करिअर अँड आइव्हज या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी छापखान्याच्या जातीची लोकप्रिय शिळाछाप चित्रं. आपल्याकडच्या मळवलीच्या रविवर्मा छापखान्याचे हे थोरले अमेरिकी भाऊबंद, घराघरांत भिंतीवर लागणारे. आधुनिक छापचित्रं शोधणाऱ्याने ती खुशाल बाजूला सारावीत.

मेटचं संकेतस्थळ देखणं आहे. फेब्रुवारी २०१७मध्ये त्यांनी सुमारे ३,७५,००० प्रतिमा कोणत्याही अटीविना खुल्या केल्या. शोधताना ‘ओपन अॅक्सेस’वर खूण केली की फक्त उतरवता येणारी चित्रं उरतात. विभागाची चाळणी मात्र लावू नका. अमेरिकी छापचित्रं ड्रॉइंग्ज अँड प्रिंट्स विभागात, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी चित्रकारांची जलरंगचित्रं आणि रेखाटनं अमेरिकन विंगमध्ये आणि विसाव्या शतकातली बरीच रेखाटनं मॉडर्न अँड कंटेम्पररीमध्ये, अशी वाटणी आहे. एक विभाग निवडला की उरलेले दोन गुपचूप गळतात आणि आपल्याला वाटतं, यांच्याकडे एवढंच आहे. नाव आणि माध्यम, एवढ्यावरच शोधावं.

शिकागोची खुबी वेगळी. त्यांची झूमची सोय तिघांत सगळ्यात गुळगुळीत आहे, आणि ती आयआयआयएफ या, वेबवर चित्रं दाखवायच्या सामायिक पद्धतीने चालत असल्याने चित्राच्या पत्त्यातच आकार लिहिलेला असतो. पत्त्यात ‘८४३’ दिसलं तर ती ८४३ पिक्सेल रुंदीची प्रत. चित्र स्वामित्वहक्कातून मोकळं असेल तर त्याच जागी ‘१६८६’ टाकून दुप्पट रुंदीची प्रत मिळते. ती पुरते का, हे हिशेबानेच ठरवावं. एडवर्ड हॉपरचं ‘नाइट शॅडोज’ हे १९२१चं एचिंग रुंदीला सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे ८.२७ इंच. मूळ मापात इंचाला ३०० ठिपके हवेत तर २४८० पिक्सेल लागतात. १६८६मध्ये इंचाला २०४ पडतात. भिंतीवर लावायला चालेल. पण हॉपरच्या आडव्याउभ्या रेषांच्या जाळीचा अभ्यास करायचा तर कमीच. आणि हॉपरच्या बाबतीत ती जाळीच महत्त्वाची, कारण शक्य तितका पांढरा कागद आणि शक्य तितकी काळी शाई यांसाठी तो आग्रही होता. रेषांमधला कागद चमकला नाही तर रस्त्यावरची ती रात्र नुसती मळकट दिसते.

या सेवा एकत्र वापरण्यात खरी गंमत आहे. जेम्स व्हिसलरच्या पहिल्या व्हेनिस संचातलं ‘नॉक्टर्न’ (१८७९–८०) घ्या. मेट आणि शिकागो, दोन्हीकडे त्याच्या प्रती आहेत. दोन खिडक्यांत शेजारी उघडून आकाश आणि पाणी सारखं मोठं करा. प्लेट तीच, पण एका प्रतीत संध्याकाळ तर दुसरीत जवळजवळ मध्यरात्र वाटेल. कारण व्हिसलर प्लेट पुसताना शाईचा पातळ थर मुद्दाम ठेवत असे, दर वेळी वेगळा. हा फरक स्कॅनिंगचा की छपाईचा, हे ओळखायची खूण अशी: आधी कोरा कागद दोन्हीकडे सारख्याच उजेडाचा दिसतोय का ते पाहावं. तो जुळत असूनही आकाश वेगळं असेल तर फरक छपाईचा. आणि हो, व्हिसलरच्या कित्येक प्रतींना समासच नसतो, खाली एक चिमुकली जीभ तेवढी राहिलेली दिसते. ती संग्रहालयाने केलेली काटछाट नव्हे. तो स्वतःच प्लेटच्या कडेपर्यंत कागद कापायचा आणि फुलपाखराच्या सहीपुरता तुकडा ठेवायचा.

आता तिन्हींची दुखरी जागा. अमेरिकी कायद्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रकाशित कृतीचा हक्क प्रकाशनानंतर ९५ वर्षांनी सुटतो. त्यामुळे चित्रकार जॉन मरीनची न्यूयॉर्कच्या वूलवर्थ बिल्डिंगची १९१३ची एचिंग्ज मोकळी आहेत. पण रेखाटनं बहुधा ‘प्रकाशित’ झालेलीच नसतात आणि अप्रकाशित कृतीला चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं थांबावं लागतं. चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफचा मृत्यू १९८६चा. तिची १९१५ची कोळशातली रेखाटनं, ज्यांच्यावाचून अमेरिकी आधुनिकतेची गोष्टच सुरू होत नाही, मेटच्या पानावर नुसती बघायला मिळतात, उतरवायला नाही. लायब्ररीत तर हक्क शिल्लक असलेल्या चित्राची इमारतीबाहेर फक्त अंगठ्याएवढी प्रत दिसते. आधुनिक रेखाटनांसाठी या सेवांवर विसंबून राहू नये.

मधे एक खिडकी मात्र सताड उघडी आहे. मंदीच्या काळात सरकारने चित्रकारांना पगारावर ठेवलं, तेव्हाची डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेची पोस्टर्स. लायब्ररीकडे १९३६ ते १९४३मधली ९०७ आहेत. काम सरकारी, त्यामुळे हक्काची कटकट जवळपास नाही. यातली बरीच सिल्कस्क्रीनची, म्हणजे जाळीवर स्टेन्सिल लावून एकेक रंग छापलेली, आहेत. टिफ मोठी करून दोन रंग भिडतात ती कड बघा. एक रंग दुसऱ्यावर किंचित चढलेला दिसेल. स्टेन्सिल केसभर सरकलं तरी मधे पांढरी फट पडू नये म्हणून ठेवलेली ती सोय. सिल्कस्क्रीन शिकणाऱ्याला यापेक्षा स्वस्त शिकवणी नाही.

समकालीन छापचित्रांत पडदा सपशेल हरतो. झरीना हाश्मींचा ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) हा ३६ वुडकट्सचा (लाकडी ठशांच्या छापचित्रांचा) संच घ्या. अलीगढमध्ये जन्मून न्यूयॉर्कमध्ये काम केलेल्या या चित्रकर्तीने पातळ कोझो कागदावर छापून तो जाड समरसेट कागदावर चिकटवला. दोन कागदांमधली ती पुसटशी पायरी समोरून पडलेल्या सपाट उजेडात काढलेल्या फोटोत हरवते. बाजूने तिरपा उजेड टाकून घेतलेला एखादा फोटो सोबत दिला तर केवढं काम होईल, पण तिघांपैकी कोणीही ते सरसकट करत नाही.

उतरवलेली फाइल पुण्या-मुंबईत छापून घ्यायची असेल तर टिफ जशीच्या तशी देऊ नका. ती अॅडोबी आरजीबी या रंगपद्धतीत असली आणि दुकानातल्या सॉफ्टवेअरने तिची रंगाची माहिती (प्रोफाइल) गाळली तर रंग फिके पडतात. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून, सर्वोच्च दर्जाची जेपेग करून द्या. कापताना प्लेटच्या खुणेबाहेर निदान दोन-अडीच सेंटिमीटर कागद राहू द्या. जुन्या कागदाचा पिवळेपणा पूर्ण घालवायचा मोह टाळा, त्यासोबत पातळ शाईचा थरही उडतो. कागद मॅट, सुती, ३०० जीएसएमच्या आसपासचा मागा. ‘फिट टू पेज’ बंद आहे ना, हे समोर उभं राहून बघा. एरवी २१ सेंटिमीटरचा हॉपर ए३ भरून येतो आणि रेषा दोरखंडासारख्या दिसतात.