फॅनक ०आय-टीएफ: सेटरला हाक मारण्याआधी या कंट्रोलला काय काय विचारता येतं

बेळगावकडच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या कुठल्याही टर्निंग शॉपमध्ये (लेथवर काम करणाऱ्या कारखान्यात) बघा. सीएनसीवरचा नवा ऑपरेटर दोनच बटणं बिनधास्त दाबतो: सायकल स्टार्ट आणि रिसेट. ऑफसेटचं, म्हणजे टूलच्या मापांच्या दुरुस्तीचं, पान उघडायची वेळ आली की सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या अनुभवी माणसाला, हाक जाते. सेटर दुसरीकडे अडकलेला असतो आणि तोवर मशीन उभी. पोरं कामचुकार आहेत असं मालकांना वाटतं, पण यामागे मशीन ठोकायची भीती असते, आणि ती रास्त आहे. टरेट (टूल धरणारं फिरतं डोकं) चकवर (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, धरणाऱ्या पकडीवर) आपटलं की अलाइनमेंट जातं. म्हणून फॅनक ०आय-टीएफ हा सीएनसी लेथचा कंट्रोल आम्ही एकाच कसोटीवर पाहिला: घाबरलेल्या माणसाला जॉब न बिघडवता त्याला किती प्रश्न विचारता येतात?

सगळ्यात मोलाचं आहे पोझिशनच्या पानावरचं 'डिस्टन्स टू गो'. चालू ब्लॉकमध्ये (प्रोग्रॅमच्या ओळीत) टूलला अजून किती जायचं आहे, ते हा आकडा सांगतो. नव्या सेटिंगचा पहिला जॉब लावताना सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच ओळ) चालू ठेवा, रॅपिड, म्हणजे न कापता सरकण्याचा वेग, २५ टक्क्यांवर आणा, एक बोट सरकणं थांबवणाऱ्या फीड होल्डवर असू द्या. टूल जॉबजवळ आलं की फीड होल्ड दाबा आणि नजरेने अंतर जोखा. आकडा म्हणतो झेडमध्ये (जॉबच्या लांबीच्या दिशेत) २० मिमी बाकी आणि समोर दिसतात जेमतेम ५, तर ऑफसेट चुकलाय. तिथेच थांबायचं. हा पडताळा अंगवळणी पडला की ऑफसेटच्या पानाची धास्ती झपाट्याने ओसरते, कारण चूक ठोकर होण्याआधीच दिसते. एक अपवाद ध्यानात असू द्या: आटे पाडताना, म्हणजे जी७६ किंवा जी९२ या आज्ञा चालू असताना, फीडचा नॉब काम करत नाही आणि फीड होल्ड दाबला तरी टूल जागच्या जागी थांबत नाही.

दोन बटणं मात्र नावाने फसवतात. ड्राय रनला नवखे 'हळू चालवणं' समजतात. प्रत्यक्षात प्रोग्रॅममधला फीड (टूल सरकण्याचा वेग) बाजूला पडून पॅरामीटरमधला वेग लागू होतो आणि तो कटिंग फीडपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. चकमध्ये जॉब असताना ड्राय रन नको म्हणजे नको. मशीन लॉकमध्ये अक्ष जागेवर राहतात, पण स्क्रीनवरचे आकडे पळतात. शिवाय लॉक फक्त अक्षांना असतो. टूल बदलायची आज्ञा आली तर टरेट आहे तिथेच फिरू शकतं, म्हणून आधी ते लांब न्या. लॉक काढल्यावर होम घेतल्याशिवाय, म्हणजे अक्ष मूळ जागी नेल्याशिवाय, स्टार्ट दाबू नका, नाहीतर आकडे एक सांगतील आणि टूल भलतीकडे जाईल.

जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलचा आवाज चढत गेला की पोरं इमर्जन्सीकडे धावतात. इथे थोडं गणित कामी येतं. जी९६ एस२०० म्हणजे कटिंग स्पीड कायम मिनिटाला २०० मीटर, व्यास कमी झाला की फेरे वाढतात. ५० मिमी व्यासावर स्पिंडल साधारण १२७३ आरपीएमने फिरतं, १० मिमीवर तेच ६३६६ मागतं. फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड कापताना, टूल मध्याकडे सरकतं तसा आवाज चढणारच. प्रोग्रॅममध्ये वर जी५० एस२००० ही वेगमर्यादेची आज्ञा आहे का ते बघा. असेल तर वेग २००० च्या वर जाणार नाही.

अलार्म आला की रिसेट दाबण्याआधी नंबर वाचावा. हेल्पची की दाबून अलार्मच्या सॉफ्ट कीमध्ये गेलं की त्या नंबरचा खुलासा मिळतो. पुसला गेलेला अलार्म हिस्टरीत सापडतो. आमची मुख्य तक्रार इथेच आहे. खुलासा त्रोटक असतो, आणि आपल्याकडच्या मशीनवर तो इंग्रजीत दिसतो. खानापूर-निपाणीकडून मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या पोराला त्याचा आधार वाटत नाही. मशीनला एक वही टांगा. नंबर, कारण, काय केलं, एवढं दोन्ही भाषांत लिहिलं तरी पुरे.

शेवटी वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेची बारीक दुरुस्ती, जिथे सगळे कचरतात. बाहेरचा व्यास २५.०० हवा आणि २५.०४ आला, तर एक्सला (व्यासाच्या अक्षाला) -०.०४ टाकून 'प्लस इनपुट' दाबायचं. नुसतं 'इनपुट' दाबलं तर आधीचा आकडा पुसून नवा बसतो. दशांश पॉइंट विसरणं ही दुसरी चूक: नेहमीच्या सेटिंगमध्ये पॉइंटशिवायचं १० म्हणजे ०.०१० मिमी धरलं जातं. मोठा आकडा चुकून जाईल ही भीती घालवायला पॅरामीटर ५०१४ आहे; एका वेळी वेअरमध्ये किती वाढवता-घटवता येईल, त्याची मर्यादा त्यात घालता येते. मालकांनी सेटरकडून तिथे ०.१ मिमीसारखी मर्यादा घालून घ्यावी आणि वेअरचं पान ऑपरेटरच्या हाती द्यावं. जॉमेट्रीचं, म्हणजे टूलच्या मूळ मापांचं, पान सुरुवातीला सेटरकडेच राहिलेलं बरं.