गॅसवालं ब्लोबॅक पिस्तूल: उन्हाळा ते हिवाळा वापरल्यावर

आयपीएससी, म्हणजे चालत-फिरत वेळ लावून करायच्या नेमबाजीच्या सरावाला घेतलेलं हे छर्र्यांचं पिस्तूल चांगलं आहे, हे आधी सांगून टाकतो. वजन, पकड, दर गोळीला गॅसनं स्लाइड मागे जाण्याचा झटका (तोच ब्लोबॅक), मॅगझिन सोडायचं बटण, सगळं खऱ्यासारखं. नळी ४.५ मिमी आणि गोळीचा जोर २० ज्यूलच्या आत, म्हणून २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी पोलीस पाटलांना दाखवून ठेवा, दुरून कोणालाच फरक कळत नाही. गावाचा प्रश्न मात्र एकच, "याच्यानं शेतातले रोही (नीलगायी) पळतात का?" नाही पळत बापा.

माझं भांडण गॅसशी. १२ ग्रॅमची कॅप्सूल पन्नास-साठ गोळ्यांत संपते, आणि तेवढ्या पैशात दोघांचे तर्री-पोहे होतात. शिवाय मे महिन्यात टिनाच्या कोठ्यात पिस्तूल मुकंच झालं. हॅमर पडतो, गोळी सुटत नाही. विक्रेता म्हणे सील गेलं, पाठवून द्या, जाण्या-येण्याचं कुरियर तुमचं. पाठवलं. "दोष आढळला नाही" अशी चिठ्ठी लावून परत आलं, आणि पाऊस लागल्यावर मुकाट्यानं चालायला लागलं.

मग खोदून वाचलं. कार्बन डायऑक्साइडचा दाब २० अंशाला ५७ बारच्या आसपास असतो. ३१ अंशाच्या पुढे कॅप्सूलमध्ये द्रव उरतच नाही आणि दाब भराभर चढतो. इतका, की हॅमरच्या ठोक्यानं झडप उघडत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ वर. यात सीलचा काय गुन्हा? उन्हात चालवू नका एवढी ओळ डब्यावर छापायला शाई महाग होती का?

तेव्हाच लिहिलं असतं तर दोनच तारे दिले असते. पण गॅसवर पैसे घालायचे नाहीत म्हणून पावसाळाभर ते कोरडंच, म्हणजे गॅस-गोळीशिवाय चालवलं, आणि मत फिरलं. नव्या माणसाला लागतं ते बहुतेक गॅसशिवायच होतं. होल्स्टरमधून काढणं, दुसरा हात येऊन मिळणं, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) नजरेत येणं, ती न हलवता ट्रिगर दाबणं. दर वेळी स्लाइड हातानं ओढावी लागते हे खरं, पण होल्स्टरमधून काढायच्या प्रत्येक सरावाला (ड्रॉला) एकच दाब पुरतो. आधी घड्याळाशिवाय, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. माशी हलायची थांबली की मोबाईलवर फुकटचं शॉट टायमर (सुरुवातीला आणि वेळ संपल्यावर बीप देणारं) ॲप घ्या, दोन बीपमधली वेळ आरामाची ठेवा आणि दशांश-दशांशानं कापत जा. बोट ट्रिगरवर कधी येतं यावर लक्ष ठेवा. नजर लक्ष्यावर बसेपर्यंत ते बाहेरच हवं, चालताना तर हवंच. स्पर्धेत नळी बाजूला ९० अंशापलीकडे गेली तर थेट बाद.

टार्गेटला कृषी केंद्रातल्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चालतो. स्पर्धेतलं खरं टार्गेट साधारण ४५ बाय ५७ सेंमी. १५ बाय १९ चा तुकडा ५ मीटरवर लावला की तो १५ मीटरवरच्या खऱ्याएवढा दिसतो. मागे जुनी गोधडी ढिली टांगा. पोलादी छर्रा टणक भिंतीवरून उलटा येतो, त्यामुळे गोधडी असली तरी चष्मा लावाच.

आणि घाईबद्दल. स्पर्धेत गुण भागिले सेकंद असा हिशेब असतो, त्या भागाकाराला फॅक्टर म्हणतात. १२ गोळ्या, सगळ्या ए झोनमध्ये (टार्गेटचा मधला भाग, गोळीला ५ गुण), १० सेकंदांत: ६० गुण, फॅक्टर ६. तीन गोळ्या त्याच्या बाहेरच्या सी झोनमध्ये गेल्या पण ८ सेकंदांत उरकलं, तर मायनर पॉवरला (कमी ताकदीच्या काडतुसांचा गट, सीला ३ गुण) ५४ गुण आणि फॅक्टर ६.७५. मात्र त्याच ८ सेकंदांत अकरा गोळ्या ए मध्ये आणि एक टार्गेटच चुकली तर ५५ मधून १० गुण वजा, उरले ४५, फॅक्टर ५.६. म्हणून थोडं सैल चालतं, चुकलेली नाही चालत.

हिवाळ्यात गॅस पुन्हा भरला. चालतो, पण भराभर झाडल्या की कॅप्सूल गार पडते, स्लाइड सुस्तावते आणि गोळ्या नेमाच्या खाली लागायला लागतात. दोन-दोन झाडून दम घ्या. कॅप्सूलच्या टोकाला सिलिकॉन तेलाचा थेंब द्या, शिवणयंत्राचं तेल नको. रात्रभर भरून ठेवू नका.

साडेतीन तारे. एक गॅससाठी कापला, अर्धा कुरियरच्या पैशांसाठी.