गेल्या नाताळात दिलेल्या भेटवस्तू, दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नाताळात मी घरच्यांना आणि जवळच्या स्नेह्यांना सात भेटवस्तू दिल्या. निवड करताना एकच अट होती, ती म्हणजे दिलेली वस्तू कपाटात न जाता रोजच्या हाताशी राहावी. वेष्टन उघडताना सर्वांनीच कौतुक केले, पण त्यावरून काही ठरवणे शक्य नव्हते. म्हणून पुढचे दहा महिने ज्याच्या घरी जाणे झाले, तिथे ती वस्तू कुठे ठेवली आहे, तिच्यावर वापराच्या खुणा आहेत की धूळ, हे मी पाहत राहिले आणि अडचणी विचारून टिपून ठेवत गेले. यंदाची खरेदी सुरू करण्यापूर्वी तो अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

सर्वांत साधी भेट आईची होती आणि सर्वाधिक वापर तिचाच झाला. आईला रात्री औषधासोबत कोमट पाणी लागते आणि त्यासाठी ती अंधारात उठून स्वयंपाकघरात जात असे. तिला मी अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास दिला. एक लिटरचा घेण्याचा मोह झाला होता, परंतु तो भरल्यावर दीड किलोच्या वर जातो आणि अर्धवट भरला तर पाणी लवकर निवते, हे लक्षात घेऊन लहान घेतला. थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेली असल्याने उष्णता बाजूंनी फारशी जात नाही, ती मुख्यतः तोंडाकडून जाते. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये प्रयोगशाळेतल्या कामासाठी केलेली ही रचना मुळात आजही तशीच आहे. त्यामुळे खरा फरक पडतो तो झाकणात. आईच्या बोटांचे सांधे दुखतात, म्हणून फिरवून उघडण्याच्या झाकणाऐवजी अंगठ्याने दाबून उघडणारे झाकण निवडले, आणि हा निर्णय रंग, आकार किंवा नाममुद्रा यांपेक्षा कितीतरी महत्त्वाचा ठरला. अशा झाकणात भाग जास्त असतात आणि स्वच्छतेचे काम वाढते, हेही सांगायला हवे. चौथ्या महिन्यात पाण्याला वास येऊ लागला. थर्मास खराब झाला असे आईला वाटले, पण दोष झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगचा होता. ती रिंग काढून रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवली, नीट वाळवली आणि त्यानंतर झाकण उघडे ठेवूनच थर्मास वाळवण्याची सवय लावली. वास गेला. भेटीबरोबर एक जादा रिंग द्यायला हवी होती, ही माझी चूक.

बाबांसाठी ई-रीडर घेतला. नजर अधू झाल्यापासून त्यांचे वाचन कमी झाले होते आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके मोजकीच मिळतात. हे उपकरण मी वेष्टनासकट दिले नाही. आधी ते उघडून चार्ज केले, अक्षरे मोठी केली, त्यांच्या आवडीची दहा पुस्तके भरली आणि मग पुन्हा बांधले. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी त्यांनी थेट वाचायला सुरुवात केली. खात्याचा पासवर्ड, भाषेची निवड आणि सूचनांच्या खिडक्या यांत ती संध्याकाळ गेली असती, तर ते उपकरण त्यांनी पुन्हा हातात घेतले असते असे मला वाटत नाही. ई-रीडरच्या ई-इंक, म्हणजे छापील कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्याला वीज मुख्यतः पान बदलताना लागते, त्यामुळे रोज दोन तास वाचूनही साधारण तीन आठवड्यांनी एकदा चार्ज करावे लागते. पडद्यावर उजेड पाडणारा दिवा सतत लावला तर हा काळ कमी होतो. अडचण एकच, पण मोठी आहे: स्कॅन केलेल्या पीडीएफ पुस्तकातली अक्षरे स्वतंत्रपणे मोठी होत नाहीत, संपूर्ण पानच मोठे करून इकडून तिकडे सरकवावे लागते. ज्यांच्यासाठी ई-रीडर घ्यायचा, त्यांना हवी असलेली पुस्तके ईपब किंवा अक्षरे मोठी करता येतील अशा दुसऱ्या स्वरूपात मिळतात का, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे.

दादा-वहिनींना दिलेल्या बिडाच्या तव्याची कहाणी खडतर आहे. तवा उत्तम होता, पण त्याच्या निगेविषयी मी अवाक्षर काढले नव्हते. जानेवारीतच तो रात्रभर मोरीत पाण्यात राहिला आणि सकाळी त्यावर तांबूस गंज चढलेला होता. वहिनींना फार वाईट वाटले आणि भेट आपण वाया घालवली, असे त्या मला म्हणाल्या. प्रत्यक्षात बीड सहसा वाया जात नाही. आम्ही दोघींनी तारेच्या घासणीने गंज काढला, तवा आचेवर पूर्ण कोरडा केला, तेलाचा हात फिरवला आणि ओव्हनमध्ये तासभर तापवला. पहिल्या वेळी तेल जास्त झाले आणि थर चिकट बसला. दुसऱ्या वेळी तेल लावून कोरड्या फडक्याने इतके पुसले की तव्यावर तेल आहे असे वाटूच नये, तवा पालथा ठेवला, तापमान २३० अंश सेल्सिअसच्या आसपास राखले आणि हेच तीनदा केले. तापलेल्या तेलाचा पातळ थर घट्ट होऊन धातूला धरतो आणि पदार्थ चिकटू न देण्याचे काम तोच करतो. आता तो तवा काळाभोर आणि तुकतुकीत झाला आहे. तरीही अडीच किलोचे वजन वहिनींना एका हाताने पेलत नाही, त्यामुळे तो दादाच वापरतो. मनगटाचा त्रास असलेल्या व्यक्तीसाठी मी ही भेट सुचवणार नाही.

अकरा वर्षांच्या भाच्याला दुर्बीण दिली. दुर्बिणीवरच्या ८×४२ अशा आकड्यांत पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण या समजुतीने अनेक जण मुलांसाठी १२ किंवा १६ पटींची घेतात, पण तितक्या पटींना हाताची थरथरही तितकीच मोठी होते आणि मूल कंटाळते. म्हणून मी ८×३२ घेतली. तिचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास आहे. सुरुवातीला महिनाभर भाच्याने फक्त पक्षी पाहिले. एका रात्री गच्चीच्या कठड्यावर कोपरे टेकवून त्याने गुरूकडे दुर्बीण रोखली, बराच वेळ श्वास रोखून उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, “मावशी, याच्या बाजूला एका ओळीत तीन बारीक ठिपके आहेत.” मी सांगितले की ते गुरूचे चंद्र आहेत, गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून पाहिलेल्या चारांपैकी तीन, आणि चौथा बहुधा गुरूच्या आड किंवा त्याच्या उजेडात हरवला असेल. दुसऱ्या रात्री ठिपक्यांच्या जागा बदललेल्या दिसल्या, तेव्हा त्याने वही आणली. त्या वहीत आज एकोणीस रात्रींची चित्रे आहेत. या सातही भेटींत मला सर्वाधिक समाधान त्या वहीने दिले.

माझ्या मावशीला दिलेली डिजिटल फोटोफ्रेम मात्र फसली. घरातली सर्व मंडळी आपापल्या फोनवरून फोटो पाठवतील आणि ते तिच्या खोलीत आपोआप दिसतील, ही कल्पना तीन महिने सुंदर चालली. मग वायफायचा पासवर्ड बदलला आणि फ्रेम बंद पडली. ती सुरू केली, तर बनवणाऱ्या कंपनीने विनामूल्य फोटोंची मर्यादा कमी केल्याचे कळले, आणि अधिक फोटोंसाठी दरमहा पैसे मागितले गेले. वर्गणीवर चालणारी वस्तू भेट देणे म्हणजे समोरच्याच्या गळ्यात खर्च बांधणे आहे, हे मला आधी सुचायला हवे होते. जूनमध्ये मी साठ फोटो छापून, प्रत्येकामागे नाव आणि वर्ष लिहून अल्बम दिला. तो मावशीच्या उशाशी असतो.

सतत प्रवासात असणाऱ्या मैत्रिणीला दिलेल्या पॉवर बँकेविषयी फार सांगण्यासारखे नाही, ती चोख चालते. क्षमता निवडताना एक हिशेब उपयोगी पडला: २०,००० एमएएच या क्षमतेला आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की ७४ वॉट-तास, म्हणजे साठवलेली ऊर्जा, येते आणि विमानप्रवासात परवानगीशिवाय नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. केबल जवळ ठेवण्यासाठी लहान पिशवी सोबत दिली, तिचा उपयोग मैत्रीण आवर्जून सांगते.

सातवी भेट वस्तू नव्हतीच. शेजारच्या आजींना मी चार चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, प्रत्येकीवर माझे अर्धा दिवसाचे काम: कपाट आवरणे, कागदपत्रे लावणे, दवाखान्यात सोबत जाणे, किंवा त्या सांगतील ते. “तुम्हाला हवे तेव्हा सांगा,” असे मी म्हणाले आणि एप्रिलपर्यंत त्यांनी एकही चिठ्ठी वापरली नाही. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “तुला कामे असतात ग, कसे सांगायचे?” मग मी चिठ्ठ्या परत मागून घेतल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली. तेव्हापासून तीन वापरल्या गेल्या. चौथी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारची आहे, आणि त्या दिवशी जुन्या पत्रांची पेटी उघडायची असे आजींनी ठरवले आहे.