ईआर४एसआर की एसई२१५: बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन निवडताना

लोकलच्या डब्यात गाणे ऐकू यावे म्हणून आवाज वाढवत नेणारी माणसे रोज दिसतात. त्यांना खरी गरज असते ती बाहेरचा गोंगाट बाहेरच ठेवणाऱ्या इअरफोनची. बॅटरीवर चालणारे नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे उलटा ध्वनी सोडून गोंगाट पुसण्याची सोय, गाडीच्या घरघरीसारख्या खालच्या, सलग आवाजांवर उत्तम चालते, परंतु शेजाऱ्याच्या बोलण्यापुढे ते तितकेसे टिकत नाही. कानाची नळी बूच लावल्यासारखी बंद करणारे तारेचे इअरफोन तेथे वरचढ ठरतात. त्यांतील दोघांचा हा विचार आहे: एटिमोटिकचा ईआर४एसआर आणि शुअरचा एसई२१५.

ईआर४ मालिका १९९१ पासूनची असून एसआर हे तिचे २०१६ मधील रूप आहे. कंपनी ३५ ते ४२ डेसिबल अडवणुकीचा दावा करते, तर शुअरचा दावा ३७ डेसिबलपर्यंतचा आहे. हे आकडे टिप, म्हणजे इअरफोनचे कानात जाणारे मऊ टोक, कानात पूर्ण घट्ट बसली तरच खरे ठरतात; बारीकशी फट राहिली की गोंगाट आत येतो आणि खर्जही निघून जातो, त्यामुळे आकड्यांपेक्षा आपल्या कानाकडे पाहणे शहाणपणाचे.

येथेच दोघांत मोठा फरक आहे. ईआर४ची तीन पाकळ्यांची रबरी टिप ओली करून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढत, बरीच खोल सरकवावी लागते. पहिल्यांदा ती घालताना मला चक्क खोकला आला. कानाच्या नळीला व्हेगस मज्जातंतूची शाखा पोहोचते, म्हणून काहींना असे होते. मात्र इतक्या खोल बसल्याने स्वतःचे बोलणे डोक्यात घुमणे कमी होते, हा लाभ उथळ बसणाऱ्या टिपेत मिळत नाही. एसई२१५ची फोमची टिप बोटांत वळून घालावी आणि फुगेपर्यंत दाबून धरावी. कानाला ती सुसह्य असते, परंतु काही महिन्यांनी फोम झिजतो आणि नवा घ्यावा लागतो.

स्वराच्या बाबतीत माझा कल ईआर४एसआरकडे आहे. तानपुऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास, सारे तो जसेच्या तसे समोर ठेवतो. खर्जाला मात्र तो जराही फुगवत नाही. एसई२१५मध्ये डग्गा भरून येतो, पण वरचे स्वर झाकोळतात. गर्दीत, चालताना ऐकणाऱ्याला तेच अधिक भावेल, हेही मान्य केले पाहिजे.

ईआर४ची तार सरळ खाली लोंबते आणि सदऱ्याला घासली की तिची खरखर थेट कानात येते; क्लिप लावल्यास किंवा तार कानावरून वळवल्यास ती कमी होते. एसई२१५ची तार मुळातच कानामागून जाते. दोघांच्याही तारा सुट्या होतात. बाजारात येताना ईआर४एसआरची किंमत ३४९ डॉलर होती, एसई२१५ची ९९.

ज्याचा कान खोलवर काही सहन करीत नाही किंवा ज्याला इअरफोन दिवसातून दहा वेळा काढावा लागतो, त्याने निःशंक एसई२१५ घ्यावा. घरी बसून तासभर शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याने ईआर४एसआर घ्यावा. मात्र या इअरफोनला आवाज थोडा अधिक द्यावा लागतो, म्हणून हेडफोनची खाच नसलेल्या मोबाइलसाठी सर्वांत स्वस्त अ‍ॅडॅप्टर घेऊ नये.