प्रिल की सार्टन? किडनीवरचे वण रोखणाऱ्या दोन गोळ्या

लघवीत अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) सापडलं, बीपी आहे, बहुतेक वेळा साखरही आहे. डॉक्टर एक गोळी लिहून देतात. एकाच्या चिठ्ठीवर रामिप्रिल, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, आणि मग 'त्यांना ती दिली, मला ही का?' असा प्रश्न पडतो. दोन्ही गोळ्यांचं भांडण शरीरातल्या एकाच साखळीशी आहे, फक्त अडवायची जागा वेगळी.

त्या साखळीतलं एक एन्झाइम म्हणजे एसीई. किडनीतून रेनिन नावाचं एन्झाइम सुटतं आणि यकृतात बनलेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं. त्या तुकड्याची आणखी काटछाट एसीई करतं, त्यातून अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. हे द्रव्य किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक रक्तवाहिनी आवळतं, त्यामुळे गाळणीच्या आत दाब वाढतो. शिवाय ते टीजीएफ-बीटा नावाचं इशारा देणारं प्रथिन वाढवतं, आणि त्याच्या इशाऱ्यावर पेशी कोलॅजन हे धाग्यासारखं प्रथिन साठवत बसतात. हाच वण. तिथली गाळणी कामातून जाते, उरलेल्यांवर भार पडतो आणि त्याही वणांकडे सरकू लागतात.

प्रिल, म्हणजे रामिप्रिलसारखी '-प्रिल' शेपटाची गोळी, एसीईलाच थोपवतं, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं. सार्टन, म्हणजे टेल्मिसार्टनसारखी गोळी, ते तयार होऊ देतं, पण पेशीवरच्या ज्या ग्राहीवर त्याला बसायचं असतं ती जागा अडवून ठेवतं. कागदावर सार्टनची बाजू जरा भक्कम दिसते, कारण कायमेझसारखी दुसरी एन्झाइमंही अँजिओटेन्सिन-२ बनवू शकतात आणि प्रिलला तो आडरस्ता बंद करता येत नाही. पण प्रत्यक्ष रुग्णांमध्ये हा फरक दिसला का? टाइप-२ मधुमेहाच्या 250 रुग्णांवर टेल्मिसार्टन आणि एनालाप्रिल पाच वर्षं ताडून पाहिली गेली. 2004 साली निकाल आला तेव्हा किडनी जपण्यात टेल्मिसार्टन कुठे कमी पडलं नव्हतं. पुढे गेल्याचंही दिसलं नाही.

जुने पुरावे मात्र वाटून गेले आहेत. टाइप-१ मधुमेहात 1993 साली कॅप्टोप्रिलने बाजी मारली. मधुमेह नसलेल्या, पण लघवीतून प्रथिन जाणाऱ्या रुग्णांसाठी इटलीतला 1997 चा रामिप्रिलचा अभ्यास आहे. टाइप-२ मधुमेहातली बिघडलेली किडनी म्हटलं की 2001 सालचे लोसार्टन आणि इर्बेसार्टनचे अभ्यास पुढे येतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर पारडं प्रिलकडे थोडं झुकतं.

खरी निवड ठरते ती खोकल्यावर. एसीईचं दुसरं काम ब्रॅडिकायनिन नावाच्या द्रव्याचा निचरा करण्याचं. प्रिलने एसीई थांबलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि घशात खवखव सुरू होते. कोरडा, ढास लागल्यासारखा, रात्री आडवं झालं की जास्त जाणवणारा खोकला. कफ नाही, ताप नाही. माणूस सिरपच्या बाटल्या रिकाम्या करतो, धुळीला दोष देतो, छातीचा एक्स-रे काढतो, आणि गोळीवर कोणाचा संशयच जात नाही. गोळी बंद केल्यावर तो थांबायलाही काही आठवडे लागू शकतात. 2008 च्या ऑनटार्गेट अभ्यासात 25,620 लोक होते. खोकल्यामुळे रामिप्रिल सोडणारे 4.2 टक्के, तर टेल्मिसार्टन सोडणारे 1.1 टक्के. त्यातही ज्यांना प्रिल सोसत नाही हे आधीच माहीत होतं, त्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. ओठ किंवा जीभ सुजण्याचा धोकाही प्रिलमध्ये जास्त. क्वचित होतं, पण झालं तर थेट दवाखाना गाठायचा आणि ती गोळी पुन्हा घ्यायची नाही.

टेल्मिसार्टन जवळजवळ सगळं पित्तावाटे, शौचातून बाहेर जातं. रामिप्रिल मुख्यतः किडनीवाटे, म्हणून किडनी मंदावलेली असेल तर त्याचा डोस जपून ठरवावा लागतो. मला विचाराल तर, झटक्याचा इतिहास नसेल तर मी सार्टनने सुरुवात पसंत करेन. पण रामिप्रिल वर्षानुवर्षं बिनखोकल्याचं चालू असेल तर उगाच बदलायचं कारण नाही.

मग दोन्ही एकत्र का नाही? ऑनटार्गेटमध्ये तेही करून पाहिलं होतं. फायदा वाढला नाही, किडनीला त्रास वाढला. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांमधून ही जोडी नकळत जमू शकते, तेव्हा '-प्रिल' आणि '-सार्टन' ही शेपटं स्वतः तपासा. गरोदरपणात दोन्ही वर्ज्य.

'वण विरघळवणारं एन्झाइम' म्हणून सेराशिओपेप्टिडेजच्या कॅप्सुलाही विकल्या जातात. त्यांनी किडनीतले वण जातात याला भरवशाचा पुरावा नाही. आपल्याकडे ते बहुधा अॅसेक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅकसोबत एकाच गोळीत मिळतं, आणि ही वेदनाशामकं दुबळ्या किडनीला घातकच.

प्रिल किंवा सार्टन, कुठलीही गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते ते टाकाऊ द्रव्य) आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुतेक वेळा गोळी चालूच ठेवतात. गाळणीतला दाब उतरल्याची ती खूण असते. पोटॅशियम वाढलं तर शहाळं आणि 'लो सोडियम' मीठ आधी बाजूला काढा, त्या मिठात पोटॅशियमच असतं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर तेवढे दिवस गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारा.