डिस्नेचं हॉपर तिकीट: सहा जणांत दोघांनीच घ्यावं

निकाल आधी सांगतो, मग हिशेब. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला आम्ही सहा जण गेलो होतो: लेक, जावई, नात, नातू, आमची ही आणि मी. सहाही जणांची साधी तिकिटं काढली आणि त्यातली दोनच पुढे हॉपर, म्हणजे एका दिवसात एकाहून जास्त पार्कांत जाता येणारी, करून घेतली, जावयांचं आणि नातीचं. बाकी चौघांचे पैसे वाचले आणि कुणाचंही काही अडलं नाही. घरात कुणीतरी ‘सगळ्यांचं एकसारखंच घेऊ’ म्हणतंच, आमच्याकडेही म्हणालं. पण तिकीट माणशी असतं, कुटुंबाला मिळून नसतं. एकाच घरात दोन तऱ्हेची तिकिटं बिनदिक्कत चालतात.

मी सांगलीचा, बँकेतून निवृत्त. लेक न्यू जर्सीत, एडिसनला. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी. कुठे कुठे तर आठवडाभर शाळा बंद. मग अर्धं जर्सी फ्लोरिडात उतरतं. डिस्नेचे जे दर्दी लोक आहेत ते या आठवड्याला ‘जर्सी वीक’च म्हणतात. 2024 साली आम्ही त्यातच गेलो, दिवाळीचा फराळ डब्यात शिल्लक होता तेव्हा. रांगेत मागून-पुढून मराठी कानावर पडायचं. एका बाईंनी तर हिला चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारून घेतलं.

आता तिकिटांचा मामला. ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत. मॅजिक किंग्डम 1971 चं, एपकॉट 1982 चं, हॉलिवूड स्टुडिओज 1989 चं आणि अ‍ॅनिमल किंग्डम 1998 चं. वॉटर पार्क वेगळे, त्यांच्या वाटेला आम्ही गेलो नाही. साध्या तिकिटावर दिवसाला एकच पार्क. सकाळी ज्या पार्कात शिरलात, तोच त्या दिवसाचा. बाहेर येऊन परत त्याच पार्कात जाता येतं, दुसऱ्या नाही. हॉपरवर एका दिवसात चारही पालथे घाला, कुणी अडवत नाही. आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ पास असतो ना, चार दिवसांचा नि सात दिवसांचा, त्याच जातीची ही वस्तू. आणि त्या पासाचं जे होतं तेच हिचंही होतं: पास खिशात आहे म्हणून माणूस दोन गावं जास्त करतो आणि एकही धड बघत नाही.

किंमत तारखेवर ठरते, नाताळच्या आठवड्यात आभाळाला भिडते. तीन वर्षांखालच्या पोरांना फुकट, तीन ते नऊपर्यंत मुलांचं तिकीट, तेही काही फार स्वस्त नाही, आणि दहा पूर्ण झाले की मोठ्यांत गणती. नात अकराची, म्हणजे ती आणि मी एकाच भावात. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की दिवसाचा दर खाली येतो. हॉपरची जादा रक्कम मात्र दिवसागणिक नसते, तिकिटामागे एकदाच भरायची. आमच्या तारखांना ती करासकट माणशी शंभर डॉलरच्या आसपास जात होती. सहा जणांचे सहाशे, म्हणजे पन्नास हजार रुपये. लेक म्हणते, “बाबा, इथे रुपयांत गुणू नका.” बँकेत जन्म गेला, गुणाकार कसा सुटणार?

एकरकमी असल्यामुळे ही जादा रक्कम एक-दोन दिवसांच्या तिकिटावर फार जड पडते, पाच दिवसांच्या तिकिटावर हलकी वाटते. पण पाच दिवस हाताशी असले की चार पार्क एकेक करून होतातच, मग उड्या मारायच्या कशाला? म्हणजे जेव्हा ते परवडतं तेव्हा त्याची गरज उरत नाही, आणि गरज असते तेव्हा परवडत नाही. विकणाऱ्यांच्या हुशारीला दाद दिली पाहिजे. त्यापेक्षा वयस्कर माणसांच्या उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे, आणि तिचे पैसे पडत नाहीत. चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागत नाही. निवडलेल्या तारखेपासून सात दिवसांत कधीही वापरा. आम्ही मधे एक दिवस नुसता झोपून काढला. हिच्या गुडघ्यांनी मला त्याबद्दल आशीर्वाद दिले.

खरी मेख आहे ती अंतराची. हा सगळा परिसर सुमारे 25,000 एकरांचा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई धरा आणि तिच्या दीडपट करा, एवढा. पार्क एकमेकांना चिकटून नाहीत. मॅजिक किंग्डमहून एपकॉटला जायचं तर मोनोरेलने मुख्य स्टेशनावर यायचं, उतरायचं, रॅम्पवरून खाली-वर करत दुसरी मोनोरेल पकडायची. अ‍ॅनिमल किंग्डम तर एका टोकाला, तिथे मोनोरेल नाही, बसच. गाडी असेल तर पार्किंगचे पैसे (2024 साली 30 डॉलर) दिवसातून एकदाच, त्यावर दुसऱ्या पार्कातही गाडी लावता येते. पण दुसऱ्या दारात बॅगांची तपासणी पुन्हा, यंत्रावर बोट ठेवणं पुन्हा. कागदावर वीस मिनिटांचं दिसतं, पण बाथरूम, पाणी, नातवाची टोपी हे सगळं धरून माझ्या घड्याळात तास मोडला. दुपारचा तास, तोही उन्हातला.

ते बोटाचं सांगायचं राहिलं. दारात कार्ड टेकवायचं आणि एक बोट यंत्रावर ठेवायचं, म्हणजे तिकीट ज्याचं त्यानेच वापरायचं. जावयांचं हॉपर एखाद्या संध्याकाळी लेकीला देऊ, अशी एक काटकसरीची युक्ती मी काढली होती. ती तिथल्या तिथे बारगळली.

मग हॉपरचा उपयोग कुठे? तीन ठिकाणी, आणि तिन्ही मी बघितले.

पहिला अ‍ॅनिमल किंग्डमचा. हे पार्क बाकीच्यांच्या मानाने लवकर मिटतं. सफारी सकाळीच करायची, जनावरं तेव्हा हिंडत असतात. मग ‘अवतार’ सिनेमातलं पँडोरा बघा, एव्हरेस्टची रेल्वे बघा. ती गाडी वर चढते, पुढे रूळ उखडलेले दिसतात आणि मग ती अंधारात उलटी मागे सुटते. नात दोनदा बसली, मी बाकावर. दुपारी तीन-चारपर्यंत तरण्या माणसाचं तिथलं काम संपतं. जावई आणि नात तिथून बसने हॉलिवूड स्टुडिओजला गेले आणि रात्रीपर्यंत स्टार वॉर्सच्या भागात राहिले. त्या एका संध्याकाळी त्यांचे शंभर-शंभर डॉलर निम्म्याहून जास्त वसूल झाले, हे मी मान्य करतो.

आम्ही बाकी चौघं अ‍ॅनिमल किंग्डम लॉज नावाच्या हॉटेलात ‘सना’ला जेवायला गेलो. तिथे जायला पार्कचं तिकीटच लागत नाही. आफ्रिकी आणि भारतीय मिळून असा स्वयंपाक. नान, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि त्यांच्याबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-रायती एका लाकडी पाटावर मांडून आणतात. खिडकीबाहेर जिराफ चरत होता. नातू जिराफाकडे बघत नानचे तुकडे मोडत होता आणि ही चटण्यांची बोटाने चव घेऊन त्यात काय घातलंय ते ओळखत होती. हॉपर नसलेल्यांची संध्याकाळ वाया जाते म्हणणाऱ्यांनी तिथे जाऊन बघावं.

दुसरा उपयोग जर्सी वीकवाल्यांनी नीट वाचावा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मॅजिक किंग्डममध्ये नाताळच्या पार्ट्या सुरू होतात, काही ठरावीक रात्री. त्यांचं तिकीट वेगळं आणि महाग. त्या दिवशी नेहमीच्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी सहाला बाहेर पडावं लागतं, म्हणजे किल्ल्यावरची आतषबाजी गेली. साधं तिकीट असेल तर दिवस सहाला संपला. हॉपर असेल तर मोनोरेलने एपकॉटला जाऊन तळ्यावरची आतषबाजी बघता येते. पण याला हॉपरपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे पार्टीच्या तारखा आधी बघायच्या आणि मॅजिक किंग्डम दुसऱ्या दिवशी ठेवायचं. त्यातही ज्यांना आतषबाजीचं अप्रूप नाही त्यांनी मुद्दाम पार्टीच्याच दिवशी जावं. सहाला बाहेर काढतात म्हणून लोक तो दिवस टाळतात आणि दिवसभर रांगा त्यामानाने बऱ्या असतात.

तिसरा एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या जोडीचा. हे दोघे खरे शेजारी. एपकॉटच्या मागच्या बाजूला, फ्रान्स आणि ब्रिटन या नावांच्या दालनांच्या मधे, एक वेगळं दार आहे. तिथून 2019 साली सुरू झालेली स्कायलायनर मिळते, म्हणजे रोपवे. मधे एकदा उतरून पाळणा बदलायचा. पाळणा थांबत नाही, हळू सरकतो, चढताना ही माझा दंड घट्ट धरून. आत दहा माणसं बसतील एवढी जागा. एसी नाही, झरोके आहेत, आणि वारा चांगला येतो. होडीही जाते, आणि पायी रस्ताही आहे. दिवसा स्टुडिओज, रात्री एपकॉटला जेवण, ही उडी सगळ्यात कमी दमवते. हॉपर घेणाराने दुसरं काही केलं नाही तरी हे करावं.

एपकॉटचा तळ्याभोवतीचा भाग आम्हा दोघांना जास्त भावला. अकरा देश मांडलेत, मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. फेरी साधारण दोन किलोमीटरची. आम्ही सकाळी अकराला सुरुवात केली आणि जपानपर्यंत पोचायला दुपार टळली. तिथल्या सावलीत ही बसली ती बसलीच. “अहो, मला काही दुसरं बघायचं नाही. इथंच बरं आहे.” मग तिने बोटावर देश मोजले आणि म्हणाली, “यात आपला कुठंय?” नाही. आपला देश शोधायचा तर अ‍ॅनिमल किंग्डममध्ये, तेही काल्पनिक आनंदापूर संस्थानात. पडक्या महालाच्या कमानी, उडालेले रंग, आणि त्यांच्या मागे ऐटीत लोळलेला वाघ. भिंतीवर शेवाळसुद्धा रंगवून काढलंय. मिरजेकडच्या एखाद्या जुन्या वाड्याची आठवण यावी इतकं ते हुबेहूब जमलंय, आणि मी तिथे हवा तेवढा वेळ उभा राहू शकलो, कारण मला कुठली बस पकडायची नव्हती.

एक गैरसमज सर्रास दिसला. हॉपर घेतलं की रांग टळते असं लोकांना वाटतं. रांग टाळायचं तिकीट वेगळं, त्याला लायटनिंग लेन म्हणतात, पैसे वेगळे. जुलै 2024 मध्ये सुरू झालेली पद्धत आम्ही गेलो तेव्हा अशी होती की तीन राईडच्या वेळा आधी घेऊन ठेवता यायच्या, पण तिन्ही एकाच पार्कातल्या. त्यातली पहिली वापरली की पुढची वेळ घेता येते, आणि तेव्हा हॉपरवाल्याला दुसऱ्या पार्कातलीही मिळू शकते. म्हणजे संध्याकाळी दुसऱ्या पार्कात पोचल्यावर चांगल्या राईडच्या वेळा शिल्लक असतील तर तुमचं नशीब. नुसतं हॉपर घेऊन गेलात तर पार्क बदलतं, रांग तीच.

जुने सल्ले वाचून जाऊ नका, हेही सांगतो. करोनानंतर 2021 मध्ये हॉपरवाल्यांना दुपारी दोननंतरच पार्क बदलता येत होतं, 2023 मध्ये ती वेळ अकरावर आली, आणि 9 जानेवारी 2024 पासून बंधन उठलं. तारखेच्या तिकिटाला पार्कचं वेगळं आरक्षणही आता लागत नाही. लेकीच्या एका मैत्रिणीने आम्हाला दोनचा नियम ठासून सांगितला होता.

आता करायचं काय ते. साधं तिकीट घ्या. सगळ्यांचं. एक-दोन दिवस बघा घरातली कोण माणसं संध्याकाळी पाचनंतरही टुणटुणीत असतात. त्यांचंच तिकीट पार्कच्या गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीवर हॉपर करून घ्या. फक्त फरक भरावा लागतो, पण तिकिटाचे दिवस शिल्लक असतानाच जायचं. उलटं होत नाही. हॉपर घेतलंत आणि वापरलं नाहीत तर पैसे परत मागायची सोय नाही. जे एकाच बाजूला वळतं ते नंतर वळवावं, हा बँकेतला नियम इथेही लागू.

हे सगळं फ्लोरिडातल्या डिस्नेपुरतं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची दोन पार्कं समोरासमोर आहेत, मधे नुसता चौक. तिथे मी हॉपरच्या बाजूने मत देईन. आणि ऑर्लँडोतलंच युनिव्हर्सल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पार्कं, धरलं तर तिथली दोन जुनी पार्कं पायी गाठता येतात आणि त्यांच्यामधून हॅरी पॉटरची आगगाडी धावते. ती एका पार्कात चढवून दुसऱ्यात उतरवते, त्यामुळे एका पार्कच्या तिकिटावर बसूच देत नाहीत. घरात हॅरी पॉटरवालं पोर असेल तर तिथे वाद घालत बसू नका, दोन्हीचंच घ्या. 2025 मध्ये उघडलेलं तिसरं, एपिक युनिव्हर्स, मात्र काही मैल लांब आहे. ते त्या जोडीत धरू नका, त्याला वेगळा दिवस काढा.